स्पीकर, फाटक आणि टाकी : तिन्हींसाठी ब्लूटूथ नको

नागपुरातल्या मानेवाड्याच्या आपल्या दुमजली घरात हॉलमधला स्पीकर, फाटकावरचा सेन्सर आणि गच्चीवरच्या टाकीची पातळी दाखवणारे उपकरण ही तिन्ही ब्लूटूथवर चालतील का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते स्पीकरला ब्लूटूथ योग्य आहे, फाटकाला झिगबी (कमी विजेवर छोटे निरोप पाठवणारी बिनतारी पद्धत) आणि टाकीला शक्य असल्यास साधी वायर.

खोक्यावर छापलेले अंतर मोकळ्या जागेतले असते. ब्लूटूथ, झिगबी आणि वाय-फायचा जुना पट्टा हे तिन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरी पाणी शोषून घेते आणि धातूचा पत्रा परतवतो. आपल्याकडे होळीनंतर खिडकीत बसणारा कूलर म्हणजे पत्र्याची पेटी, तळाशी पाणी आणि बाजूंना भिजलेल्या वाळ्याच्या ताट्या. त्यामुळे हिवाळ्यात नीट चालणारा सेन्सर एप्रिलमध्ये अडखळू लागला, की मी आधी त्या खिडकीकडे पाहतो.

स्पीकरबद्दल फारशी काळजी नको. गाणी ऐकवणारे ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर, म्हणजे पट्ट्याच्या छोट्या कप्प्यांवर, सेकंदाला १६०० वेळा जागा बदलते आणि २००३ च्या १.२ आवृत्तीपासून गजबजलेली चॅनेल टाळण्याची सोयही त्यात आहे.

फाटक उघडे की बंद, एवढाच निरोप पाठवायचा असल्याने झिगबीचा सेकंदाला २५० किलोबिटचा वेग भरपूर होतो आणि बॅटरीही पुष्कळ टिकते. मात्र त्यासाठी वेगळा हब, म्हणजे सेन्सरचे निरोप गोळा करणारी छोटी पेटी, लागतो, आणि निरोप पुढे पोहोचवण्याचे काम सहसा कायम विजेवर असलेली उपकरणेच करतात, बॅटरीवरची नव्हे. म्हणून व्हरांड्यात झिगबीचा एक स्मार्ट प्लग लावावा, तोही इन्व्हर्टरच्या लाइनवर. अन्यथा वीज गेली की फाटकही मुके होईल. वाय-फायचा राउटर ११ व्या चॅनेलवर असेल, तर झिगबी २५ व्या चॅनेलवर ठेवावे. चॅनेलांना क्रमांक देण्याची दोघांची पद्धत निराळी असल्याने हे आकडे जवळ नसूनही प्रत्यक्ष पट्टे शेजारी येतात, पण एकमेकांवर चढत नाहीत.

टाकीचे प्रकरण अवघड आहे. मध्ये सळयांचा स्लॅब, वर पाण्याने भरलेली टाकी, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जात असताना उन्हात तापणारी बॅटरी. बिनतारीच हवे असेल, तर भारतात परवान्याशिवाय वापरता येणारा ८६५ मेगाहर्ट्झचा पट्टा घ्यावा. त्याच्या लहरी भिंतींतून तुलनेने बऱ्या जातात. पण पाइपांच्या डक्टमधून वायर उतरवता येत असेल, तर मी दुसरा विचार करणार नाही. कोणताही मार्ग निवडला तरी मोटर बंद करण्याची अंतिम जबाबदारी फ्लोट स्विचकडेच (पाण्यावर तरंगून पातळीनुसार चालू-बंद होणाऱ्या बटणाकडे) ठेवावी, कारण निरोप हरवला तर गच्चीवरून पाणी वाहत राहील.

खरेदीपूर्वी कूलर पाणी भरून जागेवर बसवावा, फोनवर गाणे लावून तो हातात धरून हॉलमधल्या स्पीकरपासून फाटकाकडे चालत जावे आणि आवाज जिथे तुटू लागेल, त्याच्या अलीकडे झिगबीचा तो स्मार्ट प्लग बसवावा.