‘विसरतो आणि वर हसतो, एकटा कसा राहणार?’

आईची तक्रार अशी होती: “मॅडम, डोक्याला मार लागल्यापासून ह्याला कशाचं गांभीर्यच नाही. विसरतो आणि वर हसतो. आता म्हणतो, परत खोलीवर एकटा राहीन. कसं सोडायचं?”

मुलगा 34 वर्षांचा, नोकरीसाठी नाशिकला खोली घेऊन राहणारा. दुचाकी घसरली, हेल्मेट नव्हतं, मेंदूच्या पुढच्या भागाला दुखापत. आठ महिन्यांनी चालणं-बोलणं ठीक. स्मरणशक्ती, थकवा आणि जिभेवरचा ताबा मात्र डळमळीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आधी हसण्याचं. काही विसरलं की तो म्हणायचा, “हेड ऑफिस जेवायला गेलंय.” म्हणजे चूक झाल्याचं त्याला कळत होतं. अशा दुखापतीत अनेकांना तेच उमगत नाही, मग वही, गजर ही मदत त्यांना अपमान वाटते. तेव्हा हे हसणं जपायचं. नातेवाइकाच्या तेराव्याला आचाऱ्याच्या पोटावर केलेली कोटी मात्र वेगळी, तिथे मेंदूचा ब्रेकच लागला नव्हता. त्यावर ओरडून काही साधत नाही. भावाने घड्याळाला हात लावला की थांबायचं, अशी खूण ठरवून घरी तिचा सराव केला.

टोमणे त्याला कळेनासे झाले होते. “वा, फारच लवकर उठलास!” हे त्याला कौतुक वाटायचं. घरच्यांनी सरळ बोलायचं ठरलं. आपल्याकडे हे औषध घ्यायला सगळ्यात कडू.

‘हेड ऑफिस बंद’ हा मात्र घरचा परवलीचा शब्द झाला. तो म्हटला की टीव्ही बंद, प्रश्न बंद, वीस मिनिटं आडवं व्हायचं. दमलोय हे कबूल करण्यापेक्षा हे म्हणणं त्याला सोपं जायचं.

आई दिवसभर परीक्षा घ्यायच्या: “सांग बघू, आज वार कोणता?” अंदाजाने दिलेलं चुकीचं उत्तरच अशा वेळी डोक्यात रुतून बसतं. म्हणून आधी “आज बुधवार” सांगायचं, मग त्याच्याकडून वदवून घ्यायचं.

चहा शिकवला तो शेवटाकडून. आईंनी सगळं करायचं, त्याने फक्त गॅस बंद करून चहा गाळायचा. ते बसलं की त्याआधीची पायरी. कृती त्याला येत होती, घोळ मधल्या वेळेत व्हायचा: दूध ठेवलं, मोबाइल वाजला, बाहेर गेला. त्यावर उपाय दोन, मोबाइल दुसऱ्या खोलीत आणि उकळी येईपर्यंत ओटा सोडायचा नाही.

दूध करपलं तेव्हा आणखी एक गोष्ट उघडी पडली, त्याला वासच येत नव्हता. डोक्याच्या मारात नाकाकडून मेंदूकडे जाणारे बारीक मज्जातंतू तुटू शकतात. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून वासाचं रसायन मिसळतात. ह्याला त्याचा उपयोग शून्य. म्हणून खोलीवर सिलिंडर नको, टायमर असलेली इंडक्शन शेगडी. सिलिंडर ठेवायचाच झाला तर गळतीचा अलार्म जमिनीलगत लावायचा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. उरलेल्या भाजीच्या डब्यावर तारीख चिकटवायची, नासल्याचा वास येणार नाही.

बाकी व्यवस्था भराभर झाली. गजर नुसता वाजणारा नको, “फिटची गोळी घे” असं लिहून येणारा. आठवड्याच्या कप्प्यांची गोळ्यांची डबी. फिटचा धोका असेपर्यंत न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही. खर्चाला वेगळं खातं, त्यात आठवड्यापुरतेच पैसे, कारण आवेगात खरेदी होते. दारू पूर्ण बंद. दुचाकी न्यूरॉलॉजिस्ट सांगतील तेव्हाच.

एकटं राहणं एका झटक्यात होत नाही. पहिल्यांदा फक्त दुपार, मग एक रात्र, तीही भाऊ शेजारच्या इमारतीत असताना. सकाळी आठला त्याने फोटो पाठवायचा: डबीतला त्या दिवसाचा रिकामा कप्पा. फोटो नाही आला तर भावाने एकदा फोन करायचा, उचलला नाही तर लगेच निघायचं. आईंनी मध्ये फोन करायचा नाही. हे कलम मान्य करून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ गेला.