महिन्यातून एकदा नागपूर: गाडी घ्यावी की तिकीटच काढावं?

ठाण्याच्या एका वाचकांनी विचारलंय: आई-वडील दोघंच नागपूरला, वडील 76 वर्षांचे. मी महिन्यातून एकदा शनिवार-रविवार जातो, बहुतेक एकटाच. गेल्या वर्षी 11 फेऱ्यांच्या विमान तिकिटांवर 1,15,000 रुपये गेले. समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत झालाय, आठ तासांत नागपूर. तर 3 लाखांची एफडी मोडून आणि 9 लाखांचं कर्ज काढून गाडी घेऊ का? ऑफिसला मी लोकलनेच जातो.

माझं मत: या कारणासाठी घेऊ नका.

9 लाख, 9 टक्के, पाच वर्षं. हप्ता येतो साधारण 18,700. म्हणजे वर्षाला सव्वादोन लाख, तुमच्या वर्षभराच्या तिकिटांच्या जवळजवळ दुप्पट, आणि गाडी अजून पार्किंगमधून हललेलीसुद्धा नाही. आता ती हलवू. समृद्धी 701 किलोमीटर, दोन्ही टोकांचं शहरातलं अंतर धरून 740. महामार्गावरच्या वेगाला लीटरमागे 15 किलोमीटर मिळाले आणि पेट्रोल 104 रुपये धरलं, तर एका बाजूचे 5,100. वर टोल 1,445. जाऊन-येऊन 13,000च्या पुढे. विमानाचं तिकीट तुम्हाला सरासरी 10,450ला पडलं, दोन्हीकडच्या टॅक्सीचे 2,500 मिळवा. खर्च तोच! हप्ता, विमा, सर्व्हिसिंग हे सगळं वरचं.

पण मला पैशांपेक्षा तासांची काळजी जास्त वाटते. आठ तास हे महामार्गावरचे. जेवण, चहा, भिवंडीची गर्दी धरली की दहा होतात. शनिवारी पहाटे पाचला निघालात तर तीनला पोचाल आणि रविवारी दुपारी बाराला निघावं लागेल. विमानात बसायचं दीड तास, घर ते घर पाच. त्याच वेळी निघून दहाला आईच्या हातचे पोहे, आणि रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत तिथेच. दर फेरीला दहा तास जास्त मिळतात.

शिवाय एकट्याने चालवायची. मी हा रस्ता चालवलाय. सकाळी पूर्वेला जाताना ऊन थेट डोळ्यांवर, परतताना दुपारनंतर पुन्हा समोरच. सरळ सिमेंटच्या रस्त्यावर वळणच येत नाही, आणि जेवणानंतर डोळा कधी मिटला ते कळत नाही.

“रात्री फोन आला तर लगेच निघता येईल,” असं तुम्ही लिहिलंय. खरं कारण हेच असावं, आणि ते मला पुरेपूर समजतं. पण तसा फोन आल्यावर, त्या मनःस्थितीत, रात्री एकट्याने 740 किलोमीटर चालवू नका. पहाटेचं पहिलं विमान तुम्हाला बहुधा गाडीच्या आधीच पोचवेल. त्यासाठी एफडी तशीच ठेवा आणि 50,000 रुपये बचत खात्यात वेगळे काढा. ऐनवेळचं तिकीट 15,000 असलं तरी दुसरा विचार न करता काढायचं.

दिवाळीत चौघं जाता, तेव्हा मात्र गणित उलटतं, विमान परवडत नाही. विदर्भ एक्सप्रेसचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी करा. नाहीतर तेवढ्या पाच दिवसांपुरती भाड्याची गाडी घ्या आणि दोघांनी आलटून-पालटून चालवा.

वडिलांचा आरोग्य विमा किती रकमेचा आहे, हे तुमच्या पत्रात नाही. तेवढं कळवा. गाडीच्या आधी तो हिशेब करायला हवा.