एएमएच ०.८ : ‘माझी स्त्रीबीजं संपली का?’

रिपोर्टवर लाल पेनाने गोल केलेला आकडा होता : एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन, बीजकोशातून रक्तात येणारं एक संप्रेरक) ०.८. शेजारी खाली जाणारा बाण. वय ३४, पाळी नियमित, दीड वर्ष मुलासाठी प्रयत्न; त्यातले शेवटचे तीन महिने मात्र सिस्टसाठी गर्भनिरोधक गोळ्या. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदलले आहेत. “मॅडम, माझी बीजं संपली ना? ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन बीजकोशात घेतलं की एएमएच वाढतो म्हणे. सासूबाई म्हणतात, पाटल्या मोडू, पण घे.”

घर शेतकऱ्याचं, त्यामुळे कणगी आणि वाफा हे शब्द उपयोगी पडले. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोशांत १० ते २० लाख सुप्त पुटिका असतात; पुटिका म्हणजे एक बीज आणि त्याभोवतीच्या पेशींचं वेष्टण. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. ही कणगी. एएमएच या सुप्त साठ्यातून येत नाही. रोज काही पुटिका जाग्या होतात, बीजाभोवतीच्या चपट्या पेशी फुगून वाढू लागतात आणि त्या वाढत्या पेशी एएमएच सोडतात; पुटिका साधारण ८ मिलिमीटरच्या पुढे गेली की ते कमी होत जातं. म्हणजे रिपोर्टमधला आकडा वाफ्यातल्या रोपांचा. त्यावरून कणगीचा अंदाज बांधता येतो. बीज सकस आहे की नाही हे कळत नाही. ते मुख्यतः वयावर ठरतं.

दुसरी गोष्ट, एएमएच हे खत नव्हे, लगाम आहे. एएमएचचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत सुप्त पुटिका भराभर जाग्या झाल्या आणि साठा लवकर आटला. शरीरात एएमएच ‘भरून’ बीजं वाढत नाहीत.

मग पुटिकेला वाढवतं कोण? बीज आणि भोवतीच्या पेशी एकमेकांना निरोप धाडतात. हे निरोप म्हणजेच ग्रोथ फॅक्टर, वाढीची प्रथिनं. पेशींकडून किट लिगँड नावाचं प्रथिन बीजाकडे जातं; बीजाकडून जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ ही प्रथिनं पेशींकडे येतात. जीडीएफ-९ नसलेल्या उंदरांत पुटिका पहिल्याच पायरीवर अडकतात. या टप्प्याला एफएसएचची (मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणाऱ्या, पुटिका वाढवणाऱ्या संप्रेरकाची) गरज जवळपास नसते; त्याचं राज्य पुटिका २ ते ५ मिलिमीटर झाल्यावर, शेवटच्या दोनेक आठवड्यांत. म्हणूनच आयव्हीएफची इंजेक्शनं वाफ्यातली रोपं वाढवतात, कणगी उघडत नाहीत.

फलटणच्या नारी सुवर्णा मेंढ्या तिला ठाऊक होत्या. निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गारोल मेंढीतलं एक जनुक दख्खनी मेंढीत आणलं. बीएमपीचे निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या ग्राहकात (रिसेप्टरमध्ये) त्याने बारीकसा बदल होतो आणि जुळी कोकरं वाढतात. ग्रोथ फॅक्टरची ताकद खरीच आहे, पण ती जन्मापासूनच्या तोलात आहे. न्यूझीलंडच्या इन्व्हर्डेल मेंढ्यांत बीएमपी-१५ ची एक प्रत बिघडली तर जुळी वाढतात; दोन्ही बिघडल्या तर मेंढी वांझ राहते. इतक्या नाजूक तोलात बाहेरून मिश्रण सोडून काय होईल, हे आधी सांगता येत नाही.

सुचवलेलं इंजेक्शन पीआरपीचं होतं : स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स, सुईने बीजकोशात. हा उपचार अजून प्रायोगिक मानला जातो. रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा धोका थोडा, पण असतो. तरी घ्यायचंच ठरलं तर डॉक्टरांना ‘एएमएच किती वाढेल’ हे न विचारता ‘माझ्या वयाच्या किती जणींना यातून मूल झालं आणि तुलना कोणाशी केली’ हे विचारा, असं तिला सांगितलं.

गोळ्यांनी एएमएच खाली जातो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. रक्त तपासलं तेव्हा गोळ्या थांबून तीनच आठवडे झाले होते. ठरलं ते असं : तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा एएमएच, आणि पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात अंतर्गत सोनोग्राफी करून २ ते १० मिलिमीटरच्या पुटिका मोजायच्या. पण बाकीच्या तपासण्या त्यासाठी थांबवायच्या नाहीत. आकडा खरोखरच कमी निघाला तर आयव्हीएफमध्ये बीजं कमी मिळतात. तेव्हा वेळ दवडणं हेच खरं नुकसान. गर्भनलिकांची तपासणी आता. नवऱ्याची वीर्यतपासणीही आता, दोन ते सात दिवस संबंध व वीर्यस्खलन टाळून.

ही वीर्यतपासणी दीड वर्षात एकदाही झाली नव्हती. पुढच्या भेटीला सासूबाई स्वतः आल्या आणि पर्समधून पहिला कागद काढला तो मुलाच्या रिपोर्टचा.