पंखे फिरतात, पण पडदा काळा

प्रश्न : मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या ड्रॉइंगसाठी आम्ही बापलेकीनं घरीच कॉम्प्युटर जोडला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ५५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). ग्राफिक्स कार्ड दिवाळीत घ्यायचं ठरलंय, म्हणून मॉनिटरची केबल बोर्डाच्या मागच्या एचडीएमआयला लावली. बटण दाबलं की पंखे फिरतात, बोर्डावर 'व्हीजीए' लिहिलंय तिथला बारीक दिवा लागून राहतो आणि मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणतो. दुकानदार म्हणतात, बोर्ड गेला असेल, प्रोसेसर काढून बघा. मुलीला वाटतंय, तिच्याच हातून काही मोडलं. दोन दिवस ती नीट जेवलेली नाही.
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दादा, आधी लेकीला हाक मारा आणि पुढचं तिलाच वाचायला द्या. बाळा, तू काही मोडलेलं दिसत नाही. तुझं यंत्र जिथं थांबायला हवं तिथंच थांबलंय.

तुम्ही घेतलेल्या ५६०० प्रोसेसरमध्ये चित्र काढणारा भागच नाही. तो असतो ५६००जी मध्ये. खोक्यावर एका अक्षराचा फरक. बोर्डाला मागे एचडीएमआयचं तोंड आहे, पण ते प्रोसेसरनं पाठवलेलं चित्र फक्त बाहेर काढतं. प्रोसेसर पाठवतच नसेल तर ते तोंड म्हणजे पाणी न आलेला नळ. इंटेलवाल्यांनीही हे लक्षात ठेवावं : नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यातही ग्राफिक्स नसतं. विक्रेत्यानं हे बिल करतानाच सांगायला हवं होतं. 'कार्ड नंतर घेऊ' असं गिऱ्हाईक म्हणालं की तिथल्या तिथं हा प्रश्न निघायलाच हवा, याबद्दल मला मनापासून राग येतो.

आता तो बारीक दिवा. सुरू होताना बोर्ड ओळीनं तपासतो : प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, मग डिस्क. ज्या पायरीवर अडेल तिथला दिवा लागून राहतो. तुमचा व्हीजीएवर, म्हणजे ग्राफिक्सवर अडलाय, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम या दोन पायऱ्या तो ओलांडून आलाय. बोर्ड मेलेला असता तर इथवर पोचलाच नसता. बी४५० बोर्ड २०१८ चे आणि ५६०० आला २०२२ मध्ये, त्यामुळे जुन्या बायॉसचा (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बोर्ड हा प्रोसेसर ओळखत नाही असंही घडतं. पण तसं असतं तर बहुधा पहिलाच दिवा लागून राहिला असता. तुमच्या बाबतीत माझा संशय तिकडे जात नाही.

करायचं एवढंच. ओळखीत कुणाकडे चालू ग्राफिक्स कार्ड असेल तर एका संध्याकाळपुरतं मागून आणा. प्लग काढून ते प्रोसेसरजवळच्या लांब स्लॉटमध्ये टिक असा आवाज येईपर्यंत बसवा. कार्डाला वेगळी पॉवर केबल लागत असेल तर तीही जोडा. मॉनिटरची केबल आता कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. पडद्यावर अक्षरं आली की दिवाळीपर्यंत थांबू नका, कार्ड आत्ताच घ्या. प्रोसेसर बदलून ५६००जी घेण्याच्या फंदात पडू नका. त्यात कॅश मेमरी (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) निम्मी असते, आणि थ्री-डी मॉडेलसाठी मुलीला पुढे कार्ड लागणारच आहे.

आणि कृपा करून प्रोसेसर काढू नका. तुमच्या बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या प्रकारात पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१, केसासारख्या. कूलरखालची पेस्ट थंड असताना चिकट होते, कूलर सरळ वर ओढला तर बंद लिव्हरमधूनही प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात. असे वाकलेले प्रोसेसर माझ्या टेबलावर आलेत, भिंगाखाली सुईनं एकेक पिन सरळ केलीय. कधी काढायचीच वेळ आली तर मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा आणि कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवून मगच उचला.

प्रश्न : नवीन जोडलेला पीसी बटण दाबल्यावर हूं की चूं करत नाही. पंखाही हलत नाही. काय तपासू?
– एक वाचक, निफाड

उत्तर : एसएमपीएसच्या मागचा छोटा खटका चालू आहे ना? मग बोर्डाची २४ पिनांची केबल आणि प्रोसेसरजवळची ८ पिनांची केबल पूर्ण आत बसल्यात का ते अंगठ्यानं दाबून बघा. तरीही शांतच असेल तर कॅबिनेटच्या बटणावर संशय घ्या. बोर्डाच्या कडेला त्याच्या बारीक वायरी जातात. 'पॉवर स्विच'ची जोडी मॅन्युअलमध्ये बघून सोडवा आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. तिथं अगदी कमी व्होल्टेज असतं, शॉक बसत नाही. चालू झालं तर दोष बटणाचा किंवा वायर चुकीच्या पिनांवर लागल्याचा.

नाही झालं तर प्लग काढून बोर्ड कॅबिनेटबाहेर घ्या आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून पुन्हा हेच करा. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मशीनपायी माझे तीन दिवस गेले होते. बोर्डाखाली एक जादा पितळी स्पेसर (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारा खुंट) राहिला होता, तो मागच्या डाखाला टेकत होता. खोक्यावर ठेवल्याबरोबर मशीन सुरू झालं.

तुमच्याकडची थंडी मला ठाऊक आहे. डिसेंबरच्या कोरड्या हवेत लोकरी स्वेटर घालून बोर्डाला हात लावू नका. आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात टेकवा, मधूनमधून पुन्हा टेकवत राहा. एसएमपीएस मात्र कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा भार उरू शकतो.