तीनशे एकाहत्तर त्रिकोणांचा हंस

मागच्या लेखात कागदाचे छोटे त्रिकोण एकात एक खोचून हंस कसा करायचा ते थोडक्यात लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत फोटो बरेच आहेत आणि त्यातले कितीतरी हंस अर्ध्यावर थांबलेले दिसतात. कुठे कडं सुटलंय, कुठे मान गळलीय. म्हणून आजचा सगळा लेख तुमच्या प्रश्नांसाठी.

प्रश्न : मागचा लेख वाचायचा राहिला. एका हंसाला कागद किती लागतो आणि त्रिकोणाची घडी नेमकी कशी घालायची? (एक वाचक, सांगली)

साधा झेरॉक्सचा ए-फोर कागद घ्या, 75 किंवा 80 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). तो पाच वेळा निम्मा करत गेलात की 32 तुकडे होतात, प्रत्येक साधारण 53 बाय 37 मिलिमीटरचा. ए-फोर कितीही वेळा निम्मा केला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण बदलत नाही. त्यामुळे पट्टी न लावता, नुसत्या घड्या घालून आणि कटर फिरवून सगळे तुकडे सारखे मिळतात. फुलस्केपचं प्रमाण वेगळं असतं. तोही चालतो, पण एकाच हंसात दोन्ही मिसळू नका.

आता घडी. तुकडा आडवा धरा आणि लांब कडा एकमेकींवर आणून मधोमध दुमडा. बंद कड वर ठेवा. डावी-उजवी बाजू जुळवून मध्यावर हलकी खूण करा आणि उघडा. मग दोन्ही बाजू त्या खुणेला लागतील अशा खाली वळवा. घराच्या छपरासारखा आकार येईल आणि छपराखाली दोन पट्ट्या लोंबतील. तुकडा पालथा करा. पट्ट्यांचे बाहेरचे कोपरे आत मोडा, मग पट्ट्या वर दुमडा. त्रिकोण तयार झाला. पट्ट्या आत झाकल्या जातील असा तो मधोमध मिटा. हातात उरलेल्या छोट्या त्रिकोणाला एका अंगाला दोन टोकं आहेत, दुसऱ्या अंगाला दोन खिसे. टोक खिशात जातं, एवढंच या हंसाचं शास्त्र आहे.

हिशोब असा. पोटाच्या सहा ओळी, प्रत्येकी 30, म्हणजे 180. पंख 12 पासून एकेक कमी होत 1 वर येतो, म्हणजे एका पंखाचे 78, दोन्हींचे 156. शेपटीला 5, 4, 3, 2, 1 असे 15. मान आणि चोच मिळून 20. बेरीज 371. बारा कागदांचे 384 तुकडे होतात. वरचे तेरा सरावासाठी लागतीलच. खाली बैठक हवी असेल तर 36 आणि 40 त्रिकोणांची दोन कडी वेगळी करा. मग एकूण 447 लागतील, म्हणजे चौदा कागद.

प्रश्न : तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं ठीक जातं. वाटीचा आकार द्यायला गेलं की कडं फुटतं आणि त्रिकोण घरभर होतात. तीनदा झालं. आता डिंक लावू का? (एक वाचक, नाशिक)

डिंक नका लावू. तुमच्यासारखंच आणखी पाच-सहा जणांनी लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हा हंस दोन गोष्टींवर उभा राहतो. एक म्हणजे कागदावर कागद घासला जातो ते घर्षण. दुसरी, मिटलेल्या त्रिकोणाची उघडायची ओढ. ताजा त्रिकोण टेबलावर ठेवून बघा, तो किंचित फाकतो. खिशात गेलेलं टोक आतून असंच फाकून खिशाला धरून ठेवतं. एका जोडाची पकड फार नसते, पण वर्तुळ पूर्ण झालं की प्रत्येक त्रिकोण दोन्ही शेजाऱ्यांना रेटतो आणि सगळे मिळून घट्ट होतात. म्हणजे कडं पुरं होईपर्यंत ते सुटणारच. त्यात तुमचा हात वाईट आहे असं काही नाही.

सुरुवात अशी करा. दोन त्रिकोण टोकं वर करून शेजारी धरा. पहिल्याचं उजवं टोक आणि दुसऱ्याचं डावं टोक, ही दोन तिसऱ्या त्रिकोणाच्या दोन खिशांत घाला. मग चौथा खाली, पाचवा वर. अशा पहिली आणि दुसरी ओळ बरोबरच विणत जा आणि तीसावर साखळी जोडून कडं करा. तोवर ते हातात गोगलगाईसारखं वळवळतं. दर सात-आठ त्रिकोणांवर कपड्यांचा चिमटा लावा. तिसरी ओळ पूर्ण झाली की चिमटे काढा.

आता वाटी. घाई इथेच होते. पुस्तकी कृतीत तीन ओळींनंतर उलथायला सांगतात, मी मात्र पाच ओळी होऊ देते. पाच ओळींचं कडं ताटलीसारखं पसरट दिसतं. उलथण्याआधी ते टेबलावर ठेवून एकेक त्रिकोण बोटाने आतल्या दिशेला दाबत पूर्ण फेरी मारा, म्हणजे अर्धवट खोचलेलं टोक राहत नाही. मग कडं दोन्ही हातांत घ्या. चार-चार बोटं बाहेरून आणि दोन्ही अंगठे मध्यावर. अंगठ्यांनी मध्य ढकला आणि बोटांनी कडा वर उचला, पण एका जागी जोर न लावता फिरवत फिरवत, भाकरी थापताना हात फिरतो तसं. पाव फेरी फिरवा, थोडं दाबा, पुन्हा पाव फेरी. तिसऱ्या-चौथ्या फेरीत कागदातून बारीक चर्रर आवाज येतो. तिथे बहुतेक जण घाबरून हात सोडतात. सोडू नका. तो फाटण्याचा आवाज नाही, टोकं खिशांत सरकल्याचा आहे. त्यानंतर एकदम, जवळजवळ आपोआप, ताटली उलटते आणि ओंजळीत बसेल अशी वाटी तयार होते. इतकी वर्षं करतेय, तरी त्या क्षणी दर वेळी मला हसू फुटतं.

सहावी ओळ वाटी झाल्यावर घाला. त्रिकोणांची लांब बाजू सगळीकडे एकाच दिशेला आहे ना, एवढं तपासा. नाशिकच्या फोटोत दोन त्रिकोण उलटे दिसतात, आणि कडं तिथूनच फुटलंय.

पंखांचा हिशोबही इथेच सांगून टाकते. सहाव्या ओळीवर 60 टोकं मोकळी असतात. एका पंखाच्या 12 त्रिकोणांत 24 टोकं जातात, दुसऱ्याच्या 12 मध्ये 24. पुढे दोन पंखांच्या मध्ये मानेसाठी 2 टोकं सोडा. मागे 10 उरतील, ती शेपटीच्या 5 त्रिकोणांची. मागे दहाच्या जागी नऊ किंवा अकरा उरली तर कुठेतरी एक टोक चुकलंय. पुढे जाऊ नका, उसवा. उसवताना कागद खराब होत नाही. डिंक नको म्हणण्याचं खरं कारण तेच.

प्रश्न : ताई, मी चौथीत आहे. माझ्या हंसाची मान सारखी खाली पडते. चोच लाल केली आहे. काय करू?

चोच छान झाली असणार! मानेची जोडणी पोटापेक्षा वेगळी असते बरं का. पोटात एका त्रिकोणाची दोन टोकं दोन वेगळ्या त्रिकोणांत जातात. मानेत दोन्ही टोकं एकाच त्रिकोणाच्या दोन खिशांत घालायची, मग त्याची दोन्ही टोकं पुढच्याच्या खिशांत. आगगाडीचे डबे जोडतात ना, तसं. वळण हवं तिथे एका बाजूने जरा जास्त आत सरकव. सगळे वीस जोडून झाले की मान पुस्तकाखाली न दाबता नुसती आडवी ठेव, रात्रभर. शेवटी पुढे सोडलेल्या दोन टोकांवर ती बसव.

मानेला शेजारी नसतात, तिला धरायला कोणी नाही. म्हणून फक्त इथे, अगदी खालच्या जोडात, टाचणीच्या टोकाएवढा फेविकॉल लावलास तर चालेल. आणि अख्खा हंसच पुढे कलंडत असेल तर मान सोळा त्रिकोणांची कर.

प्रश्न : मे महिन्यात केलेला हंस जुलैत बसका झाला. पंख पडले. कागद बदलू का? (एक वाचक, रत्नागिरी)

कागद बदलून फारसा फरक पडणार नाही. कागदाचे तंतू हवेतला ओलावा शोषतात, फुगतात आणि मऊ पडतात. मग घडीतली फाकायची ओढ जाते, आणि ती गेली की पकडही जाते. कोकणातल्या पावसाळ्यात पापड सादळतात, तसाच कागदही सादळतो.

पावसाळ्यात त्रिकोण करून घट्ट झाकणाच्या डब्यात साठवा. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाका. जोडणी उन्हाच्या दिवशी करा. तयार हंसावर बाजारात मिळणाऱ्या पारदर्शक लॅकर स्प्रेचे दोन पातळ हात द्या, मोकळ्या हवेत, नाकावर रुमाल बांधून, आणि पहिला वाळल्यावरच दुसरा. एकदम जाड हात दिला तर कागद आधी भिजतो आणि होता तो आकारही जातो. रंगीत कागद असेल तर आधी एका सुट्या त्रिकोणावर फवारून रंग पसरतो का बघा.

बसका झालेला हंस टाकू नका. कोरड्या दिवशी तळाच्या ओळीपासून वर एकेक त्रिकोण परत दाबत या. बराचसा सावरतो.

प्रश्न : ही जपानी कला ना? मग जपानी पुस्तकांत एका कागदाचा करकोचाच का दिसतो, असा हंस का नाही? (एक वाचक, पुणे)

तुकडे जोडून वस्तू करणं जपानमध्येही जुनं आहे. 1734 साली तिथे छापलेल्या एका पुस्तकात कागदाचे तुकडे जोडून केलेल्या घनाचं चित्र सापडतं. पण आपला त्रिकोणांचा हंस चीनकडून आला. आणि ही कला अमेरिकेत पोचली त्यामागची हकिगत मला प्रत्येक कार्यशाळेत सांगावीशी वाटते.

6 जून 1993 च्या पहाटे ‘गोल्डन व्हेंचर’ नावाचं मालवाहू जहाज न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, रॉकअवेच्या किनाऱ्यापाशी वाळूत रुतलं. आत 286 चिनी माणसं होती, बरीचशी फुजियान प्रांतातली, चोरवाटेने अमेरिकेला निघालेली. अनेकांनी अंधारात थंडगार पाण्यात उड्या टाकल्या. दहा जणांचा जीव गेला. वाचलेल्यांना सरकारने ताब्यात घेतलं आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना पेनसिल्व्हेनियात यॉर्क काउंटीच्या तुरुंगात ठेवलं. आश्रयाच्या अर्जांचा निकाल लागेना. महिने गेले, वर्षं गेली.

तिथे त्यांच्या हाताशी कागद होता. वहीची पानं, मासिकांची पानं, टॉयलेट पेपर. गावाकडची त्रिकोण खोचायची कला त्यांना येत होती. त्यांनी घड्या घालायला सुरुवात केली. फुकट लढणाऱ्या वकिलांना आणि भेटायला येणाऱ्या गावकऱ्यांना आधी या वस्तू भेट म्हणून दिल्या, पुढे त्या विकून खटल्यांसाठी पैसे उभे केले. त्यांत पक्षी पुष्कळ होते. पंख पसरलेले गरुड होते, पिंजऱ्यातले पक्षीही होते. फेब्रुवारी 1997 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने उरलेले पन्नासहून अधिक जण सुटले. जवळजवळ चार वर्षं झाली होती. त्यांच्या हातच्या वस्तू न्यूयॉर्कच्या चिनी-अमेरिकन संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत, आणि पाश्चात्त्य कलाकार या पद्धतीला आजही त्या जहाजाच्या नावाने ओळखतात.

तुमच्या मुलांना हंस शिकवाल तेव्हा हे जरूर सांगा. ती माणसं घड्या घालत होती तेव्हा सुटका कधी होणार ते त्यांना ठाऊक नव्हतं. तरी प्रत्येक त्रिकोण शेजारच्या त्रिकोणाएवढाच केलेला आहे.

प्रश्न : वर्गात 40 मुलं आहेत. स्नेहसंमेलनासाठी एक हंस सगळ्यांनी मिळून करता येईल का? (एक शिक्षिका, लातूर)

हो, आणि आकडा छान जुळतो. प्रत्येकाने दहा त्रिकोण केले की 400 होतात. 371 वापरा, 29 हाताशी ठेवा. दोन तासिका पुरतील. अडचण एकच, चाळीस हातांच्या घड्या चाळीस प्रकारच्या येतात. जोडण्याआधी त्रिकोणांचे दोन ढीग करा. टेबलावर ठेवल्यावर नीट फाकणारे, टोकं अणकुचीदार असलेले पोटासाठी. ढिले, टोकं बोथट झालेले पंखांच्या वरच्या ओळींसाठी, कारण तिथे भार कमी असतो. कोणाचाही त्रिकोण बाजूला टाकावा लागत नाही. जुन्या दिनदर्शिकांची गुळगुळीत जाड पानं मात्र देऊ नका. ती दिसतात सुंदर, पण खिशातून निसटतात. वर्तमानपत्राचा कागद त्याच्या उलट, टोकच उभं राहत नाही. वर्गासाठी रंगीत झेरॉक्सचा कागद उत्तम.

प्रश्न : मोर करता येईल का?

येईल. पोट हंसाचंच. पंख गाळा आणि मागचा पिसारा वाढवत न्या. सविस्तर कृती पुढच्या लेखात देईन, तिला जागा लागते.

प्रश्न : माझं वय 74. बोटं थरथरतात. एवढे बारीक तुकडे दुमडत नाहीत. नातीला हंस द्यायचा आहे. (एक आजी, चिपळूण)

आजी, तुकडे मोठे घ्या. एका ए-फोरचे 32 न करता 16 करा, म्हणजे प्रत्येक तुकडा 74 बाय 53 मिलिमीटरचा होतो. हिशोब तोच राहतो, फक्त कागद चोवीस लागतात आणि हंस मोठा होतो. एका बैठकीत तीसच करा, पोटाची एक ओळ तेवढ्यात होते. घडी नखाने दाबण्याऐवजी चमच्याच्या पाठीने दाबा. खिसा उघडेना झाला तर विणकामाची सुई घाला, मी स्वतः तेच करते. उलथायच्या वेळी नातीला जवळ बसवा आणि कडं तिच्या हातात द्या. बोटं कुठे आणि अंगठे कुठे, एवढं तुम्ही सांगा.