घर टप्प्याटप्प्यानं बांधावं का? बाळकृष्ण दोशींबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींवर एक छोटी नोंद छापली होती, प्रिट्झकर हा आर्किटेक्चरमधला जगातला सगळ्यात मोठा मानला जाणारा पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय एवढंच त्यात होतं. त्यावर मराठवाड्यातून बरेच प्रश्न आले. त्यातले चार घेतोय, बाकीचे पुढच्या अंकात.

प्रश्न : सर, मी नांदेडला बारावीला आहे, नाटाची, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेची, तयारी चालूय. घरचे म्हणतात इंजिनिअरिंगच कर, आर्किटेक्चरला स्कोप नाही. दोशींनी सुरुवात कशी केली? फॉरेनला गेल्याशिवाय यात मोठं होताच येत नाही का?

उत्तर : अगं, दोशींचा जन्म पुण्याचा, २६ ऑगस्ट १९२७. घरात फर्निचरचा धंदा, मोठं एकत्र कुटुंब, आणि घर असं की माणसं वाढली की खोली वाढायची, मजला चढायचा. हे ते शेवटपर्यंत सांगायचे आणि माझ्या मते त्यांचं निम्मं काम त्या घरातच शिकून झालं होतं. १९४७ ला मुंबईच्या जे.जे. कॉलेजला ॲडमिशन, १९५० ला लंडन, तिथं एका कॉन्फरन्समध्ये ल कॉर्ब्युझिए या जगप्रसिद्ध आर्किटेक्टच्या ऑफिसमधल्या माणसाशी ओळख झाली, अर्ज केला आणि पॅरिसला पोचले. फ्रेंच येत नव्हतं, पहिले आठ महिने पगार नाही. तिथं चंदीगडची ड्रॉइंग्ज चालू होती, त्यावर काम केलं, आणि १९५४ ला कॉर्ब्युझिएच्याच अहमदाबादच्या इमारतींवर लक्ष ठेवायला म्हणून परत आले ते अहमदाबादचेच झाले. मिल ओनर्सची बिल्डिंग, साराभाईंचा बंगला, हे सगळं साइटवर उभं राहून करून घेतलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं. पॅरिसची चार वर्षं महत्त्वाची होतीच, ती नसती तर हे दोशी नसते, पण पुढची जवळपास सत्तर वर्षं हा माणूस एका गावात राहिला, तिथलं ऊन, तिथले कारागीर, तिथली माणसं बघत. १९६२ ला त्यांनी तिथं आर्किटेक्चरचं कॉलेज सुरू केलं, आज आपण ज्याला सेप्ट म्हणतो ते. आयआयएम अहमदाबादच्या इमारतींसाठी अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान यांना भारतात आणायलाही तेच कारण. आणि प्रिट्झकर २०१८ ला, वयाच्या ९० व्या वर्षी. स्कोप स्कोप म्हणणाऱ्या घरच्यांना हे वय सांग. कोर्स पाच वर्षांचा आहे, घाई असणाऱ्याचं हे काम नाही, पण तुला बांधलेल्या जागेकडं बघत बसायला आवडत असेल तर नाटा दे आणि मन लावून दे.

प्रश्न : मी परभणीचा, रिटायर्ड शिक्षक. आमचं वरच्या मजल्याचं स्लॅबचं घर एप्रिलपासून भट्टी होतं, रात्री बारापर्यंत भिंती गरम, कुलरसुद्धा गरम हवा फेकतो. दोशींच्या ऑफिसच्या छताला पांढऱ्या फुटक्या फरश्या लावल्यात असं वाचलं. तसं आमच्या गच्चीवर चालेल का?

उत्तर : गुरुजी, चालेल, पण आधी ते ऑफिस कसं आहे ते सांगतो म्हणजे काय उचलायचं आणि काय सोडायचं ते कळेल. त्याचं नाव संगाथ, १९८० च्या सुमाराचं. लांबट कमानी छतं आहेत, स्लॅबवर मातीच्या पोकळ नळ्यांचा थर आणि त्याच्यावर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांचं मोझॅक. पांढरा रंग बरंचसं ऊन परत फेकतो, आणि जे शिरतं ते नळ्यांतल्या हवेत अडकतं, खोलीत उतरायला त्याला वेळ लागतो. शिवाय निम्मं ऑफिस जमिनीच्या पातळीखाली आहे, मातीचा गारवा भिंतींना मिळतो. पावसाचं पाणी छतावरून पन्हाळीनं खाली हौदात येतं, आजूबाजूला झाडी आणि गवताच्या पायऱ्या. अहमदाबादचं ऊन आपल्या परभणीसारखंच, त्यामुळं हा माणूस आपल्या कामाचा आहे असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचं घर. मोझॅक करायचं तर आधी गच्चीची गळती काढा, उतार नीट द्या, नाहीतर तुकड्यांखाली पाणी मुरतं आणि मग शोधूनही सापडत नाही. ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करून त्यावर चायना मोझॅक ही पद्धत आपल्याकडच्या मिस्त्रींना माहितीये, पण त्याचं वजन स्लॅबवर येतं, तेव्हा घर जुनं असेल तर इंजिनिअरला एकदा दाखवा, हे टाळू नका. तुकडे टाइल्सच्या दुकानातली मोडतोड चालते, फक्त पांढरेच घ्या, रंगीत नक्षीच्या मोहात पडू नका, गडद तुकडा ऊन पितो. खर्च झेपत नसेल तर मार्चमध्ये चुना आणि फेविकॉल कालवून दोन हात मारा, दरवर्षी करावं लागतं पण फरक पहिल्याच दुपारी कळतो. आणि संध्याकाळी गार हवा सुटली की खिडक्या सताड उघडा, दिवसा मात्र पडदे ओढून बंद, आपल्या आजीच्या काळात वाड्यात हेच चालायचं.

एक मात्र सांगतो, संगाथ बघून खोली जमिनीत उतरवायचा विचार कुणी करू नका. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, तळघराच्या भिंती ती ढकलते. दोशींनी जागा बघून केलं, आपणही आपली जागा बघूनच करायचं.

प्रश्न : औशाजवळच्या गावातून लिहितोय. सोयाबीनचे पैसे आले की थोडं बांधायचं असं चाललंय, पण मिस्त्री म्हणतो असं तुकड्यानं बांधलेलं घर कधी चांगलं होत नाही. वडिलांच्या मनात अजून किल्लारीच्या भूकंपाची भीती आहे. अरण्य नावाचा प्रकल्प दोशींनी असाच टप्प्याटप्प्यानं केला म्हणे?

उत्तर : दादा, अरण्य ही इंदूरची वसाहत, आणि त्यांच्या सगळ्या कामांत मला सगळ्यात जास्त आवडणारी. अहमदाबादच्या टागोर हॉल या सभागृहासारखी त्यांची सुरुवातीची काँक्रीटची कामं दणकट आहेत, मान्य, पण तिथं मला अजून कॉर्ब्युझिए दिसतो, अरण्यमध्ये मात्र दोशी आहेत. साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, सगळ्यात लहान ३५ चौरस मीटरचा, म्हणजे पावणेचारशे स्क्वेअर फूट. गरीब कुटुंबाला तयार घर न देता जोतं, संडास-बाथरूम, पाण्याचा नळ, ड्रेनेज, लाइट एवढं करून दिलं, पुढचं ज्यानं त्यानं कमाईप्रमाणं चढवायचं. कसं वाढू शकतं ते दिसावं म्हणून ८० नमुन्याची घरं बांधून दाखवली, कुणाला बाहेर ओटा, कुणाला बाहेरून जिना, कुणाला गॅलरी. लोकांनी ते बघून आपापलं केलं. १९९५ मध्ये त्याला आर्किटेक्चरचा आगाखान पुरस्कार मिळाला. त्याआधी १९७३ ला अहमदाबादच्या एलआयसी कॉलनीतही घरं अशी रचली होती की मागून वाढवता येतील, आणि लोकांनी खरंच वाढवली, रंग बदलले, नव्या खोल्या काढल्या, दोशींना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट आनंदच झाला.

तुमच्या मिस्त्रीचं म्हणणं एका बाबतीत बरोबर आहे. तुकड्यानं बांधलेलं घर बिघडतं ते पुढचा विचार न करता बांधलं की. म्हणून आराखडा आत्ताच पूर्ण करून घ्या, शेवटी दोन मजले करायचे असतील तर पाया आजच दोन मजल्यांचा, जिन्याची जागा आजच सोडा, संडास आणि सांडपाण्याची लाइन पहिल्या वर्षीच. वरच्या कॉलमच्या सळया उघड्या ठेवू नका, सिमेंटची स्लरी लावा नाहीतर गंजतात, तीन-चार वर्षांनी त्यावर मजला चढवणं धोक्याचं. आणि वडिलांची भीती खरी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे घरं पडली ती बरीचशी मातीत रचलेल्या दगडी भिंतींची आणि वर मातीचं जड माळवद असलेली, भिंती फाकल्या आणि छत अंगावर आलं. जोत्याला, दारा-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छताखाली सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा घ्या, त्यात सळई असू द्या, पैसे कमी पडले तर फरशी नंतर करा पण पट्टा सोडू नका.

भूकंपानंतरच्या बऱ्याच नव्या गावांत आखीव चौकोनी रस्ते आले, जनावरं बांधायला, कडबा रचायला, बायकांना बसायला जागा राहिली नाही, लोकांनी मग पत्रे टाकून आपापली सोय केली. त्यामुळं दादा, आराखडा काढताना गोठा आणि ओसरी कागदावर आधी आणा, खोल्या मागून.

प्रश्न : जालन्यात कपड्याचं दुकान आहे, तोंड पश्चिमेला. मॉडर्न दिसावं म्हणून पूर्ण काच लावावी असं मुलाचं म्हणणं. तुमचं मत?

उत्तर : ताई, पश्चिमेला पूर्ण काच लावू नका. चारनंतर ऊन आडवं येतं, वरच्या सज्जानं ते अडत नाही, कपड्यांचे रंग उडतील आणि एसीचं बिल वेगळं. बेंगळुरूच्या आयआयएममध्ये दोशींनी दगडी भिंती आणि सावलीचे लांब कॉरिडॉर केले, ते आजही मॉडर्नच दिसतं. सेप्टच्या स्टुडिओंना त्यांनी उत्तरेचा उजेड घेतला, कारण तो दिवसभर सारखा असतो आणि तापत नाही. तुमच्या दुकानाची उत्तरेची बाजू मोकळी असेल तर काच तिकडं लावा, पश्चिमेला फक्त दाराएवढी, आणि बाकीच्या दर्शनी भागाला विटांची किंवा सिमेंटची उभी जाळी भिंतीपासून हातभर पुढं घ्या. मुलाला जाळीचे तीन-चार नमुने स्वतः निवडू द्या.