ब्रिटनने मेट्रिक पद्धत स्वीकारली, तरी तिथे मैल आणि पाइंट अजून कसे टिकून आहेत?

ब्रिटनने 1965 साली मेट्रिक म्हणजे दशमान पद्धतीकडे जाण्याचे जाहीर केले, मग आजही तिथे रस्त्यावर मैल आणि पबमध्ये पाइंट (सुमारे 568 मिलिलिटरचे जुने माप) का, आणि हे स्थित्यंतर पुरे कधी होणार, असा आपला प्रश्न आहे. याचे उत्तर 'इंग्रज माणूस परंपरेला चिकटून असतो' असे देऊन बरेच जण मोकळे होतात. मला ते पटत नाही. त्याच माणसाने 15 फेब्रुवारी 1971 रोजी बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड ही शतकानुशतकांची नाणेपद्धत सोडून शंभर पेन्सचा पौंड स्वीकारला, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टअखेर जुनी पेनी चलनातून बादही झाली. चलनासाठी दिवस ठरलेला होता आणि त्यामागे कायदा होता. मोजमापांच्या बाबतीत यांपैकी काहीच नव्हते.

1965 च्या मे महिन्यात व्यापारमंत्री डग्लस जे यांनी संसदेत जी घोषणा केली, ती मुळात उद्योगांच्या मागणीवरून केलेली होती. दहा वर्षांत बहुतेक उद्योगांनी बदल करावा अशी अपेक्षा होती, पण सक्ती नव्हती आणि खर्च ज्याचा त्याने सोसायचा होता. 1969 साली मेट्रिकेशन बोर्ड स्थापन झाले, तेही केवळ सल्ला देणारे. कारखाने आणि बांधकामक्षेत्र यांत हे धोरण चालून गेले, कारण तिथे आराखडा काढणारा, माल पुरवणारा आणि काम करणारा या सगळ्यांना एकच माप वापरणे भाग असते. दुकानात मात्र शेजारचा दुकानदार हा सहकारी नसून प्रतिस्पर्धी असतो, आणि तिथेच गाडे अडले.

गालिचांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला काही विक्रेत्यांनी स्वखुशीने चौरस यार्ड सोडून चौरस मीटरने भाव लावायला सुरुवात केली. चौरस मीटर हा चौरस यार्डापेक्षा सुमारे वीस टक्के मोठा असल्यामुळे, यार्डाला 6 पौंड असलेला गालिचा मीटरच्या हिशोबात 7 पौंड 18 पेन्सचा दिसू लागला. समोरच्या दुकानात 6 चा आकडा असताना ग्राहक गुणाकार-भागाकार करत बसत नाही. परिणामी ज्यांनी आधी बदल केला त्यांचीच गिऱ्हाइके तुटली आणि 1970 च्या दशकातच ते यार्डाकडे परतले. सर्वांना एकाच तारखेपासून बांधणारा आदेश असता, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. त्यात तो काळ भयंकर महागाईचा होता, आणि नव्या मापांच्या आडून दुकानदार भाव वाढवतात अशी लोकांची पक्की समजूत होती. 1978 साली सक्तीचे आदेश काढण्याची वेळ आली तेव्हा सरकारने माघार घेतली, आणि 1980 साली मेट्रिकेशन बोर्डच गुंडाळण्यात आले.

पुढची चाल युरोपीय कायद्यांमुळे मिळाली. पॅकबंद मालासाठी 1 ऑक्टोबर 1995 पासून आणि सुट्या मालासाठी 1 जानेवारी 2000 पासून मेट्रिक मापे बंधनकारक झाली. पौंड या जुन्या वजनाचा भाव सोबत लिहायला किंवा ग्राहकाने 'एक पौंड केळी द्या' म्हणायला कधीच बंदी नव्हती. केवळ पौंडात मोजणारा काटा विक्रीसाठी वापरण्यास होती. सुंदरलँडचे फळविक्रेते स्टीव्ह थोबर्न याच मुद्द्यावर 2001 साली दोषी ठरले आणि वृत्तपत्रांनी त्यांना 'मेट्रिक हुतात्मा' करून टाकले. त्यांचे अपील 2002 साली फेटाळले गेले. शिवाय कायद्याने मोजणी बदलली, वस्तूचा आकार नाही. सुपरमार्केटमधील दुधाच्या मोठ्या प्लास्टिकच्या बाटलीवर आजही 2.272 लिटर असा विचित्र आकडा दिसतो, कारण ती चार पाइंटांचीच बाटली आहे.

मात्र माझ्या मते खरी गोम रस्त्यांच्या पाट्यांत आहे. त्या 1973 साली बदलायच्या असे ठरले होते, पण डिसेंबर 1970 मध्ये सरकारने तो बेत बेमुदत पुढे ढकलला आणि तो पुन्हा हाती घेतलाच नाही. मी ब्रिटनमधील महामार्गांच्या आराखड्यांवर काम केले आहे. तिथे कागदावर सगळे मीटरमध्ये असते, आणि पाटीवर मात्र कायद्याने मैल आणि यार्डच लिहावे लागतात. मोटरवेच्या कडेला दर शंभर मीटरवर खुणेचे खांब असतात, आणि अधूनमधून छोट्या निळ्या पाट्या असतात. त्यांवर रस्त्याचे नाव, दिशेचे अक्षर आणि 74.3 सारखा आकडा असतो. हा आकडा किलोमीटरचा, पण एकक कुठेच लिहिलेले नसते. गाडी बंद पडल्यावर मदतकेंद्राला तो वाचून दाखवणाऱ्या बहुतेक चालकांना ते कळतही नाही. जी पिढी 1974 नंतर शाळेत मीटर शिकली, तिला शाळेबाहेर पडताच मैलांच्या पाट्या आणि ताशी मैलांची वेगमर्यादा भेटत राहिली. पेट्रोल लिटरने विकत घेऊन गाडीची सरासरी मैल-प्रति-गॅलन सांगणे हा त्याचाच परिणाम.

2022 साली सरकारने उलट दिशेने, म्हणजे दुकानांना जुनी मापे वापरण्याची मोकळीक द्यावी का, यावर जनमत मागवले. एक लाखाहून अधिक प्रतिसाद आले आणि त्यांपैकी 98.7 टक्के लोकांनी मेट्रिकच्याच बाजूने कौल दिला, त्यामुळे डिसेंबर 2023 मध्ये तो विचार सोडून देण्यात आला. म्हणजे मागे जाण्याची शक्यता संपली आहे, पण पुढे जाण्याची निकडही कोणत्याच पक्षाला वाटत नाही. आपल्या 'कधी' या प्रश्नाला त्यामुळे माझ्यापाशी वर्ष नाही. ऑस्ट्रेलियाने जुलै 1974 मध्ये, म्हणजे एका महिन्यात, देशभरच्या पाट्या बदलल्या आणि आयर्लंडने 20 जानेवारी 2005 रोजी वेगमर्यादा किलोमीटरमध्ये आणल्या, तेव्हा काम अवघड नाही हे उघड आहे. पाइंटचे तेवढे मनावर घेऊ नका. पबमधली बिअर आयर्लंडमध्येही अजून पाइंटनेच मिळते.